देवगाव फाट्यावरचा तापट व्हिडिओ गेम

सेलूहून आलेली एसटी मला देवगाव फाट्यावर उतरवून निघून गेली. एप्रिलचं ऊन नुसतं पेटलं होतं. बी.ए.चे पेपर सुरू होते. यंदा हॉलतिकिटावर विद्यापीठाचं नवं नाव आलं होतं, म्हणून आम्ही मैत्रिणी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. आता जिंतूरकडची गाडी मिळेपर्यंत इथंच थांबायचं होतं. सावलीसाठी मी समोरच्या पत्र्याच्या दुकानाशी उभी राहिले... आणि आतून धाड् धाड् आवाज आला.

एक तरुण लाकडी कपाटाएवढ्या व्हिडिओ गेमला मागून थापा मारत होता. पडद्यावरचं विमान मध्येच अडकलेलं, त्यावरून हिरव्या रेघा ओघळत होत्या.

"मारल्यानं सुधरतं का ते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो वळला. चेहरा घामानं चिंब, पण डोळे हसरे. "म्हशी हाकायची सवय हाय ना! दुपार झाली की तापतंय, तापलं की बंद पडतंय. आन् गिऱ्हाईक येतंय दुपारीच. पण तुमी उनात कामून उभ्या? आत या की."

"इथंच बरंय."

"मशीनला सावली लागती म्हणं. तुमाला न्हाई लागत?"

मी ओढणीआड हसले. त्यानं ते पाहिलं – आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याचं नाव व्यंकटी. वालूरचा. जालन्याच्या एका माणसाकडून त्यानं ते मशीन चालवायला आणलं होतं. "उन्हाळाभर बघ, न्हाई जमलं तर गुमान पेरणीला घरी ये," असं वडील राधाकिशन यांनी बजावलं होतं. मशीन असंच बंद पडत राहिलं, तर मालक ते परत नेणार होता. हे सगळं मला कळलं ते पुढच्या पेपरांच्या दिवशी, गाडीची वाट बघता बघता. आणि खरं सांगू? गाडी उशिरा आली तर मला आता वाईट वाटेनासं झालं होतं.

एके दुपारी मी उतरले, तर त्यानं मशीनवर ओलं पोतं पांघरलेलं! खाली पाणी ठिबकत होतं.

"अहो, हे काय करायलाव? करंट हाय त्याच्यात!"

"थंड करायलोय... आता बघा कसं चालतंय –"

त्यानं पोतं नीट करायला हात लावला आणि तो हात तिथंच चिकटला. तोंडातून आवाजही फुटेना. मी धावले, भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. तो मागं कोसळला.

"व्यंकटी! अहो, बोला ना काहीतरी..." मी त्याचा खांदा हलवत राहिले.

त्यानं हळूच डोळे उघडले. "माझं नाव घेतलं तुमी."

"मरत व्हताव आन् नाव कसलं ऐकताव!" मला रडूच आलं.

मशीन पुरतं वाळल्यावर, वायर काढून, आम्ही मागची फळी उघडली. शेजारच्या वखारीत कापसाचे ट्रक रिकामे व्हायचे. तो सगळा उडता कापूस आतल्या छोट्या पंख्यावर गुंडाळून बसला होता. पातं हलत नव्हतं. मी केसातल्या आकड्यानं कापूस ओढत राहिले, तो फुंकत राहिला. कापूस आमच्या केसांत, भुवयांत... मग त्यानं सुताराकडून दोरीनं फिरवायचा सामता आणून फळीला भोकं पाडली आणि मशीन तापल्या पत्र्यापासून दूर ओढलं. त्या दिवशी विमान संध्याकाळपर्यंत उडत राहिलं.

"पहिला डाव तुमचा," तो म्हणाला. मी खेळले. हरले. पुन्हा खेळले. कॉलेजची पोरं बघत राहिली.

ती बातमी माझ्याआधी घरी पोचली. शेवटच्या पेपराला मला न्यायला स्वतः दादा, माझे वडील, फाट्यावर आले. दत्तराव म्हणजे गावात कडक माणूस. ते सरळ दुकानात शिरले.

"माझी पोरगी हितं खेळती म्हणं?"

व्यंकटीनं खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटलं. पण तो उभा राहिला. "खेळल्या, काका. मीच म्हनलो व्हतो. आन् मला शॉक बसला तवा त्यांनीच जीव वाचवला. माझी चूक व्हती, त्यांची न्हाई."

दादांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. तेवढ्यात गाडी आली. ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला पुढं गेले.

"पेपर संपले," व्यंकटी म्हणाला. "आता फाट्यावर कशाला येताव तुमी..."

"मी न्हाई येणार." मी श्वास घेतला. "तुमी या. वडलांना घेऊन... आमच्या घरी."

त्याचं उत्तर ऐकायला मी थांबलेच नाही.

गाडीत दादांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "वालूरच्या राधाकिशनचं पोरगं का ते?"

"हं."

"लय सरळ बोलतंय."

वैशाखात एका सकाळी ओसरीवर पाहुणे बसले. आईनं मला पाणी न्यायला सांगितलं. त्याच्या वडलांशेजारी व्यंकटी, कडक इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून. पेला घेताना तो कुजबुजला, "लय भ्या वाटायलंय. काका इचारतील तवा काय बोलू मी?"

"तुमी काहीच नका बोलू," मी म्हणाले. "मी कवाच हो म्हनलंय."