लाल बाणांचा शर्ट

कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गच्चीवर तिची आणि चौथ्या मजल्यावरच्या लिफ्ट-मेकॅनिकची गाठ पडली, ती एका शर्टापायी. शर्ट त्याचा होता, पण होता तिच्या हातात.

ती शिलाई कारखान्यात चेकर. दिवसाला चारेकशे शर्ट तिच्या नजरेखालून जातात. टाका सुटलेला दिसला की तिथे ती लाल बाणाची इवलीशी चिठ्ठी चिकटवते. पण सुट्टी कारखान्याला असते, बोटांना नसते. आज तिनं आईला आयुष्यातली पहिली सक्तीची रजा देऊन टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं होतं आणि घरातलं सगळं धुणं उपसलं होतं. दोरीवरचे कालचे वाळलेले कपडे काढताना शेजाऱ्याचा शर्टही हाताला लागला. कारखान्यातल्या एप्रनच्या खिशात बाणांची पट्टी होतीच. बोटांनी परस्पर कारभार उरकला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"दोष," ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. "शर्टाचे हो! मला वाटलं, दादाचा आहे."

"सात?"

"कॉलरखाली आणखी एक आहे. तुम्ही मध्येच आलात."

शहाण्या माणसानं इथे शर्ट घेऊन जिना उतरायचा असतो. हा हसत उभाच राहिला.

"उद्या हाच घालून साहेबांसमोर जायचंय. दुसऱ्या गावी बदली आलीय, दोन वर्षांसाठी. हो की नाही ते सकाळी सांगायचं."

"जाणार?" हा प्रश्न तिनं शर्टाच्या बाहीला विचारला.

"नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं ना..."

सहा महिने ही दोघं जिन्यात एकमेकांना वाट देत आली होती. म्हणजे दोघंही थांबायची आणि कुणीच पुढे जायचं नाही. एवढ्या भांडवलावर कुणी बदली नाकारत नाही.

"थांबा, शिवून देते," ती म्हणाली.

"सुट्टीच्या दिवशी? मग तुमच्या चादरी मी पिळतो."

ती सुईदोरा घेऊन आली. तो बाह्या सरसावून नळापाशी बसला.

"अरे, चादर पिळतोयस की नट आवळतोयस?" आईला राहवेना.

"हाताला तेवढंच येतं, काकू."

"फाटेल रे ती! आणि ही बया मला उठू देत नाही."

तिसऱ्या बाणापाशी तिची सुई थांबली. सकाळपासून दोन बादल्या झाल्या होत्या, कंबर बोलायला लागली होती.

"आई, हे सगळं तू रोज करतेस. मी कधी म्हटलं नाही... पण तू आहेस म्हणून आमचं चाललंय."

"ताप आलाय का गं तुला?" आई म्हणाली, आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसायला लागली.

त्यानं नळापाशी चादरीचा पीळ सोडला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "माझी आई गेल्यापासून माझा शर्ट कुणी एवढा निरखून बघितला नव्हता."

तिनं उरलेले दोष मात्र एरवीपेक्षा बारीक टाक्यांनी शिवले, हे कुणाही जाणकाराच्या लक्षात आलं असतं.

शेवटची चादर मोठी होती, एकट्याला दोरीवर टाकता येईना. ती उठली, पलीकडे गेली, दोन टोकं धरली. मध्ये ओला पांढरा पडदा. त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चार बोटं दिसत होती.

"मग... उद्या साहेबांना काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

"कारण विचारतील."

चादरीतून पाणी ठिबकत होतं. चेहरा दिसत असता तर तिला हे जमलं नसतं.

"सांगा — थांबवून घेतलंय."

"कुणी?"

"...मी."

पलीकडच्या चार बोटांनी कड घट्ट धरली.

"नीट ऐकू नाही आलं," तो म्हणाला. आवाजातलं हसू काही त्याला लपवता आलं नाही.

"असं कसं?" टाकीच्या सावलीतून आई म्हणाली. "मला इथपर्यंत आलं!"