दामिनीनं न दिलेली टेप

दार उघडलं आणि दामिनी जागच्या जागी थिजली... दारात तिचे थोरले भाऊ, मुरुडचे गुरुपादप्पा उभे होते! चौदा वर्षांनी!

"अण्णा..." एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

आत तिचा नवरा रुद्रेश संध्याकाळच्या भाषणाचे मुद्दे काढत बसला होता. सत्तावीस वर्षं टीव्हीवरून मराठवाड्याचं राजकारण सांगून तो निवृत्त होत होता, आणि आज लातुरात त्याचा सत्कार होता. मेव्हण्याला पाहताच त्याचा चेहरा कठोर झाला. तो 'या'सुद्धा म्हणाला नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्यानं तालुक्यातल्या पाणीटाक्यांची बातमी केली होती. कागदावर बांधलेल्या, गावात कुठंच नसलेल्या टाक्या! त्या कागदांवर सह्या तेव्हा पंचायत समितीचे सभापती असलेल्या गुरुपादप्पांच्या होत्या. ते निवडणूक हरले आणि दामिनीचं माहेर तुटलं. किती पंचम्या, किती दिवाळ्या तिनं मुरुडच्या वाटेकडं डोळे लावून काढल्या... पण नवऱ्यापुढं कधी चकार शब्द काढला नाही.

गुरुपादप्पा उभ्याउभ्याच बोलू लागले, "रुद्रेशराव, परवा तुमच्या चर्चेत एकानं माझ्यावर खतांच्या घोटाळ्याचा आळ घेतला. म्हणलं, आता तुम्ही मला पुरता गाडणार! पन तुम्हीच त्याला थांबवलं. कागद बघितलेत, ह्यात त्यांचा दोष न्हाई, म्हणलात."

"खरं होतं ते बोललो."

"हाव. तवाबी खरंच बोलला होता..." ते दामिनीकडं वळले. "अन् ही? बातमीच्या आदल्या दिवशी मी हितं आलतो. तुम्ही घरात नव्हता. म्हणलं, त्या बातमीची टेप दे, न्हाईतर मुरुडला पाय ठेवू नगंस! हिनं टेप उराशी धरली... लई रडली, पन दिली न्हाई!"

रुद्रेश उठून तिच्याजवळ आला. "दामिनी... मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर बातमी देताना तुमचा आवाज कापला असता."

"आयुष्यभर पुढाऱ्यांना अडवून प्रश्न विचारले गं मी... आणि तू का झुरतेस, हे तुला एकदाही विचारलं नाही!" त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

डोळे पुसत गुरुपादप्पा म्हणाले, "दामू, खाली चल. अव्वा गाडीत हाय. तिला जिना चढवत न्हाई."

दामिनी अनवाणीच धावली. थकलेल्या आईनं तिचा चेहरा ओंजळीत घेतला.

"रोज बातम्या बघायची गं मी. जावयाच्या शर्टाची कडक इस्त्री दिसली, की म्हणायची... माझी दामू बरी हाय!"

चौदा वर्षांचा बांध फुटला! मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना बिलगून राहिल्या.

संध्याकाळी भरल्या सभागृहात आईचा हात धरून दामिनी पहिल्या रांगेत ताठ मानेनं बसली. रुद्रेशचं नाव पुकारलं गेलं, आणि सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवू लागले ते गुरुपादप्पा!