आकारामचं सिंहाचं नख

कंदिलाची वात जरा खाली घ्या आणि जवळ सरका. सिद्धू धनगराची लोकर मी वीस वर्षं घेतली. तो माझ्याशी खोटं बोलला ते फक्त लोकरीच्या वजनात. ही गोष्ट त्यानंच सांगितलेली.

सेहेचाळीस साल. मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. खतासाठी सिद्धूची मेंढरं कराड-विटा रस्त्याकडेला आकारामच्या रानात बसली होती. त्याबदल्यातली ज्वारी आणायला तो दिवस मावळताना आकारामच्या घरी गेला.

आकाराम पलटणीतून नुकताच परतलेला. लढाईत आफ्रिकेत होता. तिथं रजेत एक राखीव रान बघून आलेला, इतकं आडबाजूचं की तिकडच्या साहेबांनाही धड ठाऊक नव्हतं. ओसरीवर माणसं दाटलेली.

"हत्ती म्हंजी चालतं घरच गड्या! अन् हे बघा. मेलेल्या सिंहाच्या पंजाचं एक नख राखणदार म्हाताऱ्यानं काढून दिलं. म्हनला, दुसऱ्याच्या हाती जाऊ दिऊ नगंस."

नख कोटाच्या खिशात गेलं, कोट खुंटीला.

सिद्धू दाराशीच उभा. इतकी वर्षं हीच माणसं त्याच्या लांडग्याची गोष्ट ऐकत. एकट्यानं काठीनं मारलेला लांडगा. त्याचंच कातडं तो अंथरायचा. आज त्याला कुणी 'बस' म्हणालं नाही. वर त्यांच्यातला तात्याबा हसला, "सिद्ध्या, तुजा लांडगा ह्याच्याम्होरं मांजरच की रं!"

समोरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मीही जळतो. सिद्धूच्या तर अंगाची आगच झाली. जाताना नख त्याच्या कनवटीला होतं.

रानात येऊन त्यानं ते म्होरक्या एडक्याच्या गळ्यात बांधलं. तशी त्यांची रीतच; ताईत माणसाआधी एडक्याला. "आता बोल म्हनावं तात्याबाला," तो पुटपुटला.

कुत्री शेपूट घालून रस्त्यापार गेली.

मेंढरं गप्प. एक घुंगरू वाजेना.

मग वास आला... तापलेल्या गवताचा. मार्गशीर्षातल्या थंडीत.

कळपाभोवती पावलं. एक फेरा.

दुसरा फेरा... जवळून.

सिद्धूनं एडक्याच्या गळ्यातलं नख तोडून घेतलं. कातड्यावर गुडघे टेकले. डोळे मिटून हात पुढं केला.

"घे तुजं... मेंढरास्नी नगं..."

तळहातावर गरम श्वास...

हात हलका झाला.

पहाटे मी लोकर न्यायला गेलो. मेंढरं सगळी धड. चोरी कबूल करून सिद्धू रानात आलेल्या आकारामच्या पायाशी. आकाराम म्हणत होता, "येड्या, बोलला असतास तर तुला मानानं बसवलं असतं की रं शेजारी."

नख सापडलं नाही.

अंथरूण मी उचललं. लांडग्याचं कातडं डोक्यापासून शेपटीपर्यंत फाटलेलं. सिद्धूनं ते मलाच देऊन टाकलं, आणि लांडग्याची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

हे बघा ते. बोट फिरवा.

एक चीर... दुसरी...

मग एका चिरेपुरती जागा कोरी...

आणि ही शेवटची.