सत्तावीस नंबर

कुठूनही निघताना लेकरांना नावाने हाक मारायची, नाहीतर त्यांचा जीव तिथेच खेळत राहतो, ही कॅनडातल्या क्री आदिवासींची रीत. डेल्फीन सात वर्षांची असताना चर्चच्या सक्तीच्या निवासी शाळेतून घरी निघाली, तेव्हा तिने धाकट्या भावाला, आन्सेलला, हाक मारली नाही. तो त्याच हिवाळ्यात तिथे खोकून खोकून गेला होता. आणि आपल्या भाषेत तोंड उघडलं की सिस्टर तोंडात साबण कोंबायची. देवाच्या कामाला आली होती म्हणे! ती हाक डेल्फीनने सत्तर वर्षं गिळून ठेवली होती.

आज भाची रोना तिला गाडीने घेऊन आली. शाळा केव्हाच पाडलेली. उरलं होतं बटाट्याचं जुनं शेत आणि त्यात लेकरांच्या बिननावाच्या थडग्यांवर रोवलेली छोटी छोटी निशाणं. डेल्फीनने रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू मातीवर वाहिली.

"आन्सेल, चल रे... घरी जायचंय."

वारा पडला होता. तिने चारदा हाक मारली.

"आत्या, गारठलीस. चल आता."

"तुझ्या बापासारखी घाई करू नकोस गं."

मग तिला आठवलं, इथे आन्सेलला नावाने कुणीच बोलावत नसे, नंबरानेच बोलावत. स्वतःची किळस आली, तरी ती सिस्टरच्या आवाजात, इंग्रजीत ओरडली, "सत्तावीस! इकडे ये!"

दोघी गाडीत बसल्या, तर मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी टिंग टिंग करू लागली. मागे कुणीच नव्हतं. ओल्या लोकरीचा वास तेवढा आला. रोना मागे बघायला तयार नव्हती. डेल्फीन मात्र रडता रडता हसली आणि मागे वाकून तिने पट्टा अडकवला. आवाज थांबला.

बरीच वाट सरल्यावर रोना हळूच म्हणाली, "आत्या... सत्तावीस तर बाबांचाही नंबर होता ना?"

"हो. आन्सेल गेल्यावर त्याला दिला."

"त्याला लगेच नाही दिला. मधे तो उत्तरेकडच्या, वेगळ्याच भाषेच्या एका मुलाचा होता. बाबा सांगतात, तोही तिथेच गेला..."

"आन्सेल?" तिने मागे न बघता विचारलं. उत्तर नाही.

"गाडी वळव, रोना. माझा भाऊ तिथेच राहिलाय!"

गाडी वळू लागली आणि मागचं पोर रडायला लागलं. दबकं, मार चुकवायला शिकलेलं रडणं. मधेच ते काहीतरी विनवत होतं. ती भाषा क्री नव्हती.

डेल्फीनने डोळे मिटले. भावाचा चेहराही तिला धड आठवेना.

"नको," ती म्हणाली. "घरी चल."

मागून एका गार, इवल्या हाताने तिची वेणी धरली. घर आलं, रोनाने दार उघडलं, तरी वेणी सुटली नाही.