कळकलेल्या ताकाची साक्ष

"वहिनी..."

आठ महिन्यांनी ऐकलेली ही हाक! मागच्या खोलीत फुलवाती वळत बसलेल्या गोदावरीच्या बोटांतला कापूस तिथेच थांबला. उंबरठ्याबाहेर तिचा धाकटा दीर कमलाकांत उभा होता; कोर्टातून नुकताच आलेला, काळा कोट अंगावर तसाच, हातात सरकारी शिक्क्याचा कागद, आणि नजर मात्र वहिनीच्या डोक्यावरच्या कोनाड्यात, जणू साक्षीदार तिथेच बसवला होता.

"उद्या दुपारी कमिशन आपल्या घरी येतंय. समोरच्या वकिलांना तुमची साक्ष हवी आहे."

"माझी? कमळू, मला दाव्यातलं काय कळतं रे?"

'कमळू' ऐकून त्या काळ्या कोटाचं वय एकदम सहा वर्षांचं झालं. सहाव्या वर्षीच तो आईवेगळा झाला होता आणि तेरा वर्षांच्या नव्या नवरीने, म्हणजे गोदावरीने, त्याला चिऊकाऊचे घास भरवले होते. पुढे इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचा नवरा गेला, पोटी काही नव्हतं, तेव्हा माहेरी तिवशाला परत न जाता ती या दिरासाठीच अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या घरात राहिली, त्याला नागपूरला धाडून वकील केलं, त्याच्यासाठी अनुपमा पाहून आणली, आणि अनुपमेच्या उद्धवला न्हाऊ घालता घालता देवाने आपली ओटी रिकामी ठेवली हे ती विसरूनही गेली... आणि तोच कमळू आज आठ महिन्यांनी बोलत होता, तोही कोनाड्याशी!

"मोरोपंत वकिलांनी नगरपालिकेतून ही नक्कल काढली," तो म्हणाला. "उद्धवच्या मृत्यूची नोंद. कारण मीच लिहून दिलं होतं... 'बिनकल्हईच्या भांड्यातलं कळकलेलं ताक पोटात गेल्याने.' आता ते म्हणतात, गल्लीतली पोरं पाण्याने आजारी नाहीत, बायकांच्या भांड्यांनी आजारी आहेत. आणि हे आम्ही नाही म्हणत, वादींचा वकीलच लिहून देतो!"

दावा होता पाण्याचा. गल्लीच्या मागे दोन वर्षांपूर्वी सूत रंगवण्याचा कारखाना निघाला होता. रंगाचं उरलेलं पाणी मोर्णा नदीत सोडलं तर लोक बघतात, म्हणून ते आवारातल्या एका पडीक विहिरीत ओतायला सुरुवात झाली. तिथून ते जमिनीच्या पोटातून कुठे जातं याची चौकशी करण्याचं मालकाला कारण पडलं नाही. मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला बंगल्यात राहत होता. इकडे गल्लीतल्या विहिरी तुरट झाल्या, तुरीची डाळ तीन तास चुलीवर राहूनही खड्यासारखी निघू लागली, पोरांची पोटं बिघडली. बायकांनी काढे केले, अंगारे लावले. वर्ष असंच गेलं. मग पुरुषांची धोतरं धुतल्यावर गुलाबी निघू लागली, आणि नगरपालिकेकडे पहिला अर्ज तातडीने गेला.

अर्जाचं काही झालं नाही, तेव्हा अकरा घरांच्या वतीने कमलाकांतने दिवाणी दावा लावला. फी घेतली नाही. स्वतःचा मुलगा मात्र त्याने दाव्यात धरला नव्हता, कारण तो पाण्याने नव्हे, वहिनीच्या हातच्या ताकाने गेला, हे खुद्द वहिनीनेच सांगितलेलं होतं.

"मी तुम्हाला खोटं बोला असं सांगणार नाही," कमलाकांत म्हणाला आणि हातातल्या नकलेची घडी घालू लागला. "पण ताक... फारसं कळकलं नव्हतं, असं जर तुम्हाला आठवत असेल..."

तो गेला. गोदावरीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. बिचारा मान खाली घालून खोटं मागायला आला होता, आणि त्याने मागितलेलं ते खोटं नेमकं खरं होतं! ताक कळकलं नव्हतं. त्या दिवशी घरात ताक झालंच नव्हतं.

तो दिवस...! उद्धव पंधरा दिवस तापाने आणि जुलाबाने झिजत होता. "या विहिरीचा थेंबही पोटात जाता कामा नये," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून गोदावरी रोज सकाळी नदीपलीकडच्या मळ्यावरून त्याच्यापुरती घागर आणत असे. त्या दिवशी मळ्यावर मोटेचा नाडा तुटला. नवा नाडा येऊन पाणी निघेपर्यंत दोन प्रहर झाले. ती धावत, ठेचकाळत घरी आली तो उद्धवचे डोळे फिरलेले, अनुपमा त्याला मांडीवर घेऊन बसलेली, आणि शेजारी एक वाटी. वाटीच्या तळाला तांबूस पाणी... घरच्या विहिरीचं! चार वर्षांचं लेकरू "पाणी, पाणी" म्हणून टाहो फोडतंय, घागर येत नाही, आणि समोर आड भरलेला आहे. कोणत्या आईचा हात थांबेल?

डॉक्टरांनी येताच विचारलं, "काय दिलं होतं याला?" अनुपमेचे ओठ हलले, शब्द फुटेना. त्या क्षणी तिच्या नजरेत जे गोदावरीने पाहिलं, ते पाहून तिचं काळीज चरकलं. मूल तर चाललंच होतं... आता त्याच्या पाठोपाठ ही पोरही आडाच्या काठावर जाऊन उभी राहील!

"माझ्याच हातून चूक झाली, डॉक्टर," गोदावरी म्हणाली. "सकाळी जाताना मी ताक पाजलं. भांड्याला कल्हई नव्हती. कळकलेलं होतं."

संध्याकाळी उद्धव गेला. अनुपमेने ते वाक्य इतकं घट्ट कवटाळलं, की महिन्याभरात तिला स्वतःची वाटी आठवेनाशी झाली, असं गोदावरीला वाटलं. "माझं लेकरू मारलंत तुम्ही! तुमच्या सोवळ्याला आग लागो! पुन्हा माझ्या चुलीला हात लावू नका!" असं ती अख्ख्या गल्लीदेखत बोलली. गोदावरीने आपली पळी-पातेली उचलली आणि मागची खोली धरली.

सकाळी कौशल्या आली. गल्लीच्या टोकाची, शेतकऱ्याच्या घरची, तोंडाने फटकळ. येऊन दारातच फतकल मारून बसली.

"बाई, राग येऊ द्या नाही तर नोका येऊ देऊ. तुमचं ताक आमाले लय महाग पडून राहिलं."

"कळलंय मला."

"काय कळलं? माही शकुन दहा दिसांपासून अंथरुणावर आहे. पोट्टी पाणी मांगते, अन् मले भेव वाटते तिले द्याचं. दूरून आनतो, पन किती आनू? मायनं पोरीले पाणी देऊ नाही, त काय देवाव?" ती पदराने नाक पुसत थांबली, मग बारीक डोळे करून म्हणाली, "अन् एक सांगा. कल्हईवाला गल्लीत आला का पयले तुमच्याच दारी भट्टी लावे. साऱ्या गल्लीची भांडी काळी अन् तुमची चांदीवानी. मंग त्याच दिवशी काहून कळकलं?"

गोदावरीने मान खाली घातली. कौशल्या तिच्याकडे बघत राहिली आणि उठून गेली.

दुपारी कमिशन आलं, म्हणजे वामनराव नावाचे एक वृद्ध वकील, दौत-टाक आणि तपकिरीची डबी घेऊन. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास भांडणारी बाई कोर्टापुरती पडदानशीन ठरते आणि तिची साक्ष घरी येऊन घ्यावी लागते, असा तेव्हाचा रिवाज होता. माजघराच्या दाराला पट्ट्यापट्ट्यांची चादर टांगली. तिच्या आत साक्षीदार, आणि सोबतीला घरातली दुसरी बाई असावी म्हणून अनुपमा. आठ महिन्यांत दोघी जावा पहिल्यांदाच एका पाटावर बसल्या, त्याही कोर्टाच्या हुकमाने!

बाहेर मोरोपंत वकिलांनी घसा साफ केला. "बाई, मूल वारलं त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना ताकाचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"ते खरं होतं?"

'होय' म्हटलं की अकरा घरांतली पोरं तेच पाणी पीत राहणार. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न थेट शेजारी बसलेल्या त्या अभागी आईच्या काळजात घुसणार...! आणि एकाएकी तिला वाट दिसली.

"खोटं होतं. ताक नव्हतं. दोन प्रहरी मी त्याला विहिरीचं पाणी पाजलं. मीच."

बाहेर कमलाकांतची खुर्ची करकरली. मोरोपंत मात्र हसले. मोठ्या प्रेमाने, जसे वकील सापळ्याजवळ आलेल्या साक्षीदाराकडे पाहून हसतात.

"असं? पण नदीपलीकडचा मळेवाला सांगतो, त्या दिवशी नाडा तुटला होता आणि तुम्ही सकाळपासून दोन प्रहरपर्यंत घागर घेऊन तिथेच बसून होता. मुलाला बाहेरचं चांगलं पाणी मिळत होतं, हे शाबीत करायला मी त्याला आणलाय. मग दोन प्रहरी इथे पाणी कुणी पाजलं, बाई? बोला... की हेही खोटं?"

वामनरावांनी टाक दौतीत बुडवून ठेवला.

"मी पाजलं!"

तो आवाज गोदावरीचा नव्हता. अनुपमा उभी राहिली होती. "तो रडत होता हो... किती रडत होता! मी पाजलं त्याला... या हातांनी!"

"हरकत आहे," मोरोपंत म्हणाले. "या बाईंचं नाव यादीत नाही."

"खरं आहे," वामनराव खिन्नपणे म्हणाले. "आज मला गोदावरीबाई बोलतील तेवढंच लिहिता येतं."

अनुपमा मटकन खाली बसली. तिने जावेचा हात धरला. ज्या हाताचं पाणी तिने आठ महिने घेतलं नव्हतं तो खरबरीत, घट्टे पडलेला हात.

"सांगा, जाऊबाई. माझं नाव घेऊन सांगा."

"नको ग, अनू... माझ्या तोंडून हे वदवू नकोस!"

"तुम्ही तोंड मिटून बसलात म्हणून मी जगले. मला आठवत होतं, जाऊबाई. रोज आठवत होतं, आणि आठवलं की मी तुम्हाला आणखी एक शिवी द्यायची... आता नाही सोसत. तिकडे ती कौशल्या पोरीला पाणी द्यायला भिते आहे. सांगा!"

गोदावरीने डोळे मिटले. मग बाहेर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली.

"लिहा. ताक त्या दिवशी घरात झालंच नव्हतं. मी मळ्यावर खोळंबले. मुलाला तहान सोसवेना, म्हणून त्याच्या आईने त्याला घरच्या विहिरीचं पाणी दिलं, दोन वाट्या. मी आले तेव्हा वाटी डोळ्यांनी पाहिली. तळाला तांबडं होतं. पण हेही लिहा... तो आजारी पडला त्याच्या आधी वर्षभर तेच पाणी मी ओढत होते, मी गाळत होते, मीच त्याला पाजत होते. तुळस टाकून पाजत होते. वर्षभर मी पाजलं. आईने पाजल्या त्या शेवटच्या दोन वाट्या. कुणाच्या पाण्याने तो गेला, हे तुमच्या कोर्टाने त्या कारखानदाराला विचारावं, आम्हां दोघींना नाही!"

टाकाची कुरकुर बराच वेळ चालली. मोरोपंतांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे सव्वा वर्षाने याच साक्षीवर दाव्याचा निकाल गल्लीच्या बाजूने लागला, ती पडीक विहीर बुजवण्याचा हुकूम झाला आणि हुकुमाप्रमाणे ती बुजलीही. पण जमिनीत आधीच मुरलेल्या पाण्याला हुकूम वाचता येत नव्हता, आणि कौशल्येची शकुन तारखा संपायच्या आत गेली. पण ते सगळं पुढचं.

"वादींच्या वकिलांना काही विचारायचं आहे?" वामनरावांनी विचारलं.

कमलाकांत उभा राहिला. त्याने कोटाची बटणं चाचपली. कायद्याचं एकही वाक्य त्याला सुचेना.

"एकच... वहिनी, मला का नाही सांगितलंत?"

"हरकत आहे," मोरोपंत पुटपुटले, पण हळू. "प्रश्नाचा दाव्याशी संबंध नाही."

"नाहीच," वामनराव म्हणाले. त्यांनी टाक पुसून खाली ठेवला आणि तपकिरीची डबी उघडली. "म्हणून मी लिहीत नाही. बाई, तुम्ही उत्तर द्या."

पडद्याआडून आलेला आवाज आता साक्षीदाराचा नव्हता. ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्या बाईचा होता.

"सांगितलं असतं तर तू तिच्याशी बोलणं टाकलं असतंस, कमळू. माझ्याशी टाकलंस... मला एकटं राहायची सवय होती. तिला नव्हती रे!"

कमलाकांत चादर बाजूला सारून आत आला आणि वहिनीच्या पायांवर डोकं टेकून लहान मुलासारखा स्फुंदू लागला. अनुपमा जावेच्या कुशीत शिरली होती. मूल गेल्यापासून ती आरडली होती, ओरडली होती, पण त्याच्यासाठी म्हणून एकदाही रडली नव्हती; रागाने ती जागा अडवून धरली होती. आता मात्र ती "उद्धव... माझा उद्धव..." म्हणत फुटून फुटून रडली, आणि गोदावरीने तिला उगी म्हटलं नाही.

जबानीवर साक्षीदाराची सही व्हायची होती. मोरोपंत घड्याळ काढून चुळबुळत होते. वामनराव चष्मा पुसत बसले. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले.

"होईल सही," ते म्हणाले. "शाई अजून ओली आहे."