चारच्या मागे

चौघं संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाण्याच्या टाकीपाशी जमले आणि पहिली दहा मिनिटं नेहमीप्रमाणे मास्तरांच्या सायकलच्या ब्रेकची थट्टा करण्यात गेली.

"मास्तर, बदला हो ते ब्रेक. अख्खा डोंगर दचकतो," डॉक्टर म्हणाली. ती दातांची डॉक्टर. करकरणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल तिचं मत ठरलेलं असायचं.

"पेशंट ओरडला की तुला कळतं ना, हात बरोबर जागी पडलाय म्हणून? तसंच हे," मास्तर म्हणाले.

बेकरीकाका खो खो हसले. चौथी, एका बाजूला उभी असलेली ती, हसली नाही, पण इथे हसायला हवं होतं हे तिच्या लक्षात आलं. गेले तीन महिने असंच चाललं होतं. गोष्टी कळायच्या, आत पोचायच्या नाहीत. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. तिथेही हल्ली तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नव्हती, आणि वाचलेलं एकही वाक्य लक्षात राहत नव्हतं.

सायकल बाबांची होती. काकांनी सीट दोन बोटं खाली घेऊन दिली, चाकात हवा मारली आणि हँडल तिच्या हातात देताना ते उगाच जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

या मंडळींची एक जुनी पद्धत होती. डोंगरातली वाट अरुंद, एका वेळी एक सायकल जाईल एवढीच. मागे वळून पाहिलं की पुढचं चाक दगडावर चढतं आणि माणूस खाली. म्हणून कोण आलं, कोण राहिलं हे पाहायचं नाही, मोजायचं. अवघड वळण पार झालं की मास्तर पुढून ओरडायचे, "एक!" मग डॉक्टर, मग काका, असं शेपटापर्यंत. शेपटाला बाबा. ते म्हणायचे, "पाच, शेवट!" त्यातला 'शेवट' महत्त्वाचा. तो ऐकू आला की मास्तर "बरोबर!" म्हणायचे आणि रांग सुटायची. ती अधूनमधून यायची तेव्हा तिचा नंबर चार आणि बाबांचा पाच; ती नसली की बाबाच चार. चार म्हटलं की तिचं काम संपायचं. पुढचं बाबा बघायचे.

बाबा गेले तेव्हा ती हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर एक फॉर्म भरत होती. पण तिला छळत होतं ते वेगळंच. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या लक्षात आलं होतं की बाबांचं बोलणं आठवतंय, आवाज आठवत नाही. त्यांनी फोनवर कधी काही रेकॉर्ड केलं नव्हतं, दोन ओळींचे निरोप टाइप करायचे. कामावर जाता-येता ती त्यांची वाक्यं मनात म्हणून बघायची. वाक्यं अगदी बरोबर यायची, पण तिच्याच आवाजात. एकदा, फक्त एकदा तो आवाज कानावर पडावा, एवढंच तिला हवं होतं.

पहिलं वळण गेलं. "एक!" "दोन!" "तीन!"

"चार," ती म्हणाली आणि सवयीने थांबली.

वाटेवर काही क्षण फक्त चाकांचा आवाज. आपण 'शेवट' म्हणायला हवं होतं हे तिला उशिरा सुचलं. कोणी तिची चूक काढली नाही. मास्तर पुढून एवढंच म्हणाले, "चला."

चढ संपून वाट झाडीत शिरली. ऊन वरच्या फांद्यांतच राहिलं. खाली गारवा होता, ओल्या सालीचा वास होता, आणि काकांच्या मागच्या चाकाखाली वाळक्या काटक्या तुटत होत्या. आपल्या चाकाखाली तुटणाऱ्या काटक्यांनंतर थोड्या अंतराने आणखी काही तुटतायत, असं तिला वाटलं. मग वाटेनासं झालं.

"एक!" "दोन!" "तीन!"

"चार."

"पाच," मागून कोणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. हजेरी द्यावी तसा.

"बरोबर!" मास्तर पुढून ओरडले. वीस वर्षांची सवय. तिच्या चारनंतर पाच ऐकलं की तोंडातून बरोबर निघणारच. मग त्यांचे ब्रेक एकदाच कर्रकन वाजले. काका पुढे वेगाने पेडल मारू लागले. त्यांची मान ताठ झाली होती.

ती घाबरली नाही. घाबरायला जी जागा लागते ती तिच्यात सध्या रिकामीच होती. तिने फक्त नोंद केली: आवाज पुरुषाचा, ओळखीचा नाही. आणि तो 'पाच' म्हणाला, 'पाच, शेवट' म्हणाला नाही. म्हणजे त्याच्याही मागे कोणीतरी आहे.

तिसऱ्या वळणावर काय म्हणायचं ते आता तिला माहीत होतं. 'शेवट' शब्द जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"चार," ती म्हणाली.

"पाच." "सहा." सहावा आवाज बाईचा, दमलेला. "सात."

या वेळी मास्तर बरोबर म्हणाले नाहीत.

खाली तळ्याकाठी मोकळ्या जागेत दगडी शेगडी होती. मास्तरांच्या सायकलमागच्या पिशवीतून कोळसे निघाले, जाळी निघाली, काकांच्या बेकरीतले लांब पाव निघाले. सगळे नको तितकं बोलत होते.

"मीठ आणलंय का कोणी?" डॉक्टरने तिसऱ्यांदा विचारलं.

"तुझ्या हातात आहे, बाई," मास्तर म्हणाले.

"हो की."

चिकनचे तुकडे जाळीवर चरचरले. धूर तळ्याच्या दिशेने सरकत गेला. कोणीही डोंगराकडे पाठ करून बसलं नव्हतं आणि कोणीही डोंगराकडे बघत नव्हतं. उजेड अजून पुष्कळ होता.

काका चिमटा घेऊन तिच्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, "तू शेवट का म्हणत नाहीस?"

"विसरते."

"पहिल्यांदा विसरलीस. नंतर नाही." त्यांनी एक तुकडा उलटला. "मी बघितलं नाही मागे. बघणारही नाही. पण निघताना मास्तर मोजतील, तेव्हा म्हण. ऐक माझं, बाळा."

"काका, त्यातला एखादा आवाज बाबांचा होता?"

"नाही."

"मग अजून त्यांची पाळी आली नसेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. स्मशानातून परतताना त्यांनीच तिचा हात धरला होता. मऊ भाजलेला पावाचा तुकडा तेवढा त्यांनी तिच्या ताटलीत ठेवला.

खाऊन झालं. निघण्याआधी एकदा मोजायचं, हीही पद्धतच. मास्तर उभे राहिले. न मोजता निघावं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण डॉक्टर म्हणाली, "उरका ना," आणि त्यांनी उरकलं.

"एक."

"दोन."

"तीन," काका म्हणाले आणि तिच्याकडे पाहत राहिले.

"चार," ती म्हणाली.

तिने ओठ मिटून घेतले.

"पाच," वाटेच्या तोंडाशी कोणीतरी म्हणालं. तिथे झुडपं होती, दुसरं काही नव्हतं.

"सहा." "सात." "आठ."

आवाज वर वर जात होते. वाटेच्या प्रत्येक वळणावर एक. पुरुषांचे, बायकांचे, एक अगदी म्हातारा, खोकून मग बोलणारा. कोणालाच घाई नव्हती. डॉक्टरने मास्तरांची बाही घट्ट धरली होती.

बारा. एकोणीस. सव्वीस.

प्रत्येक आकड्याला ती कान देत होती आणि प्रत्येक आकडा सोडून देत होती. हा नाही. हाही नाही.

चौतीस. पस्तीस. छत्तीस.

"सदोतीस."

बाबा 'सदतीस' कधीच म्हणायचे नाहीत. पाढे घेतानासुद्धा सदोतीस. पण ओळख पटायला त्याची गरज नव्हती. तो किंचित घोगरा, आकडा म्हणतानाही हसू दाबल्यासारखा आवाज डोंगराच्या बऱ्याच वरून आला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीत काहीतरी जागचं हललं.

बाबा 'शेवट' म्हणाले नाहीत.

"अडतीस," त्यांच्या मागचा आवाज म्हणाला.

तो तिने लगेच ओळखला. मास्तरांनी ओळखला, डॉक्टरने ओळखला. तिघांनीही एकदमच काकांकडे पाहिलं.

काका तिच्या शेजारी बसले होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

वर डोंगरात पुढचा कोणीतरी श्वास घेत असावा इतकीच शांतता झाली. मास्तर, डॉक्टर, ती. एकोणचाळीसचा आवाज यांतला एक असणार होता.

"शेवट," काका म्हणाले. इथे, शेगडीपाशी, मोठ्याने.

मग काहीच आलं नाही. तळ्यावर धूर पसरला होता. मास्तर घाईघाईने सामान आवरू लागले.

"काका," ती म्हणाली. ती रडत होती.

"झालं, झालं," काका म्हणाले. "पोटभर जेवलीस ना?"

एक निखारा जाळीतून निसटून गवतात पडला होता. काकांनी वाकून तो उचलला. पाव तिला पुरला का, उद्या सकाळी ताजा पाठवू का, असं ते विचारत राहिले, आणि तेवढा वेळ तो लाल निखारा त्यांच्या उघड्या तळहातावर होता.