खालच्या मशीनचा निळा दिवा

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. जे मोजता येत नाही, त्यावर मी सहसा बोलत नाही. म्हणून आधीच सांगते, खाली ज्या वेळा दिल्या आहेत त्या मी आठवून लिहिलेल्या नाहीत. त्या मशीनने स्वतः नोंदवल्या आहेत. नोंदींच्या प्रती माझ्याकडे आहेत.

कुणाला पटलं नाही तरी चालेल. मलाही अजून पटत नाही.

घटना रविवारची. दुपारी तीनची. भर उजेडातली.

घरी बसून सर्व्हरवर लक्ष ठेवणं हे माझं काम. मशीनं असतात चाळीस किलोमीटर दूर, बिनखिडक्यांच्या एका थंडगार हॉलमध्ये. प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी वेगळी चिप असते. मशीन बंद पडलं तरी ती जागी असते. कुठलं मशीन तापलं, कुठला पंखा अडकला, झाकण कधी उघडलं, सगळं ती मला कळवते.

आणि प्रत्येक मशीनला पुढच्या बाजूला एक निळा दिवा असतो.

दोनशे मशीनं, सगळी दिसायला सारखी. त्यातलं बिघडलेलं कुठलं ते तिथल्या माणसाला कळावं, म्हणून मी घरून त्याचा दिवा लावायचा. तिथल्या माणसाने दिवा बघून जायचं, काम उरकायचं आणि मशीनच्या पुढच्या बाजूचं बटण दाबून दिवा विझवायचा.

विझला, म्हणजे झालं.

तिथला माणूस म्हणजे माझा दादा.

हॉलमध्ये फोन लागत नाही. त्यामुळे काम चालू असताना आमच्यात बोलायला तो दिवाच. दादाला त्यातही खोड्या सुचायच्या. काम झालं की उगाच बटण दाबून दिवा पुन्हा लावायचा. मी घरून विझवायचा. त्याने परत लावायचा. लहानपणी झोपायच्या खोलीतल्या दिव्यावरून आमची भांडणं व्हायची, अगदी तशीच. तो मला शंकासुर म्हणायचा. मी त्याला मुकादम म्हणायचे.

त्या रविवारी एका मशीनची डिस्क बदलायची होती. रॅकमधलं सगळ्यात खालचं मशीन, जमिनीपासून वीतभर वर. दादा एकटाच गेला होता. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी त्याने डिस्क बदलली आणि दिवा विझवला. मी जेवायला उठणार होते.

तेवढ्यात...

दिवा लागला.

मी हसले आणि विझवला.

पुन्हा लागला. मी पुन्हा विझवला.

जरा वेळाने तिसऱ्यांदा लागला. मला भूक लागली होती. "पुरे की मुकादम," असं मोठ्याने म्हणून मी तो तिसऱ्यांदा विझवला.

मग तो लागला नाही.

मला वाटलं, मी जिंकले.

साडेचारला पहारेकऱ्याला दादा सापडला. त्याच मशीनसमोर, एका कुशीवर, हात पुढे केलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. अर्ध्या तासात आणला असता तर काही करता आलं असतं.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनीने मला एकच विचारलं. त्याने कुणाला हाक मारली होती का?

मी नाही म्हणाले.

तीन आठवडे गेले. रविवारीच मी स्क्रीनसमोर होते. हॉलला कुलूप होतं. दाराच्या कार्डाची नोंद मी तपासली, सकाळपासून आत कुणी गेलेलं नव्हतं. दादा गेल्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यात रिकामी वाट दिसत होती.

दोन वाजून बावन्न मिनिटं...

खालच्या मशीनचा दिवा लागला.

दिवा कुठून लावला, हेही चिप लिहून ठेवते. दुरून, की पुढच्या बटणावरून.

नोंद होती: पुढच्या बटणावरून.

मी विझवला नाही. माझी छातीच झाली नाही. सोमवारी मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, बटण अडकलं असेल, बदलून टाका. तिथल्या नव्या माणसाने बटण बदललं. केबल बदलली. दिवा विझवला. कुठलाही शहाणा माणूस जे करेल, ते सगळं केलं.

पुढच्या रविवारी, त्याच वेळी... पुन्हा.

सोमवारी त्या माणसाने तोही विझवला. तेव्हा मी वहिनीला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती.

"म्हणजे त्याने हाक मारली होती."

"हो."

"तुला."

"हो, वहिनी."

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून स्क्रीनसमोर आली. मग तिने विचारलं, पुढच्या रविवारी मी येऊ का?

ती आली. आम्ही दोघी खुर्च्या लावून बसलो. दोन बावन्न झाले. तीन वाजले. दिवा लागला नाही.

"इथून लावता येतो ना?" तिने विचारलं.

माझा हात उठेना. तिने माउस आपल्याकडे ओढला आणि मी दाखवलं तिथे दाबलं. दिवा लागला.

एक. दोन. तीन. चार...

विझला.

पुढच्या बटणावरून.

तिने पुन्हा लावला. पुन्हा विझला. आणि वहिनी हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बघितलंस ना वन्सं? चिडवतोय मला."

तेव्हापासून ती दर रविवारी येते. केस विंचरून, चांगली साडी नेसून. दिवा लावते, विझण्याची वाट बघते, त्याच्याशी बोलते. मुलाचे मार्क सांगते. गिझर दुरुस्त झाला म्हणून सांगते. मी चहा करायला आत निघून जाते.

मी तिला एक गोष्ट सांगितलेली नाही.

दादा गेला त्या दिवशीच्या नोंदी मी इतके दिवस उघडल्या नव्हत्या. या आठवड्यात उघडल्या. मी पहिल्यांदा दिवा विझवल्यावर त्याने सहा सेकंदांत परत लावला होता. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस सेकंद लागले.

त्याचा हात थकत चालला होता.

मग मी वहिनीच्या रविवारांच्या नोंदी काढल्या. पहिल्या रविवारी दिवा चार सेकंदांत विझला होता. नंतर अकरा. मग चाळीस. मग तीन मिनिटं. मागच्या रविवारी साडेनऊ मिनिटं.

वहिनी घड्याळ बघत नाही. ती म्हणाली, आज स्वारी निवांत दिसतेय.

असं का होतंय, मला माहीत नाही. तिथे कोण आहे, तेही माहीत नाही. उद्या रविवार आहे. वहिनीचा मघाशीच फोन आला होता, ती थोडी लवकर येणार आहे.

उद्या दिवा विझला नाही तर ती संध्याकाळपर्यंत बसून राहील. मी तिला ओळखते.

स्वयंपाकघरातून, मोबाईलवरून, तिला कळू न देता मी तो विझवू शकते. एक बोट लावायचं. ती हसेल, साडी सावरेल, घरी जाईल.

फक्त त्यासाठी मला तो दिवा चौथ्यांदा विझवावा लागेल.